बाळाला जुलाब लागले तर

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की खानापूर, निपाणी, चिकोडीकडं घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "दात येताहेत, म्हणून जुलाब लागलेत." दातांमुळं पाण्यासारखे जुलाब होत नाहीत. सहा महिने ते दोन वर्षं हे दात येण्याचं वय, आणि रोटाव्हायरस हा जुलाबाचा विषाणू मुलांना गाठतो तोही याच वयात. आधी ताप आणि ओकाऱ्या, मग तीन ते आठ दिवस पातळ जुलाब. नोरोव्हायरस एक ते तीन दिवसांत ओसरतो, पण घरातल्या मोठ्यांनाही धरतो. अ‍ॅडिनोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस हेही त्यातलेच.

विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी तर बाळाला देऊच नका. आतड्याचं अस्तर दुखावलं, तरी साखर आणि मीठ मिळून पाणी आत ओढून घेतात. ओआरएस, म्हणजे पाकिटातली साखर-मिठाची पूड पाण्यात कालवून केलेलं पेय, काम करतं ते यामुळंच.

पण चूक होते ती कालवताना. लिटरचं पाकीट चिमूट-चिमूट करून पेल्यात टाकलं जातं. तसं नको. आख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच घाला. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होऊन अपाय होतो, पाणी जास्त झालं तर क्षार पुरत नाहीत. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध तोडू नका. झिंकची गोळी सहा महिन्यांपुढं रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांपर्यंत 10. जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्या.

टाळू खाली गेली की तेल भरत बसण्यात मोलाचा वेळ जातो. ती अंगातलं पाणी आटल्याची खूण आहे. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली, सहा तास लघवी नाही, बाळ मलूल झालं, पीत नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा. पिता येत असेल तर वाटेतही ओआरएस पाजत राहा.

लंगोट धुतल्यावर हात साबणानंच धुवा. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तारीख हुकली असेल, तर बाळ वर्षाचं व्हायच्या आत पहिला डोस घेता येतो. तायी कार्ड (आई-बाळाचं सरकारी आरोग्य कार्ड) घेऊन आशाताईंना आजच भेटा.