भोला, १९७०: वारा किती होता ते नंतर, आधी पाणी किती चढलं ते विचारा

नमस्कार मंडळी. निसर्ग वादळावरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: जगातलं सगळ्यात जीवघेणं चक्रीवादळ कोणतं? आणि त्याला चिकटूनच दुसरा, "दादा, वारा किती होता?"

पहिल्याचं उत्तर पटकन उरकतो. भोला चक्रीवादळ, १२ नोव्हेंबर १९७०ची रात्र. तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश. मेघना नदी समुद्राला मिळते तिथली बेटं बघा नकाशावर: भोला, हातिया, मनपुरा. बळी ३ लाख ते ५ लाख. एवढी तफावत, कारण कितीतरी घरांत 'आमचे इतके गेले' हे सांगायलाही कोणी राहिलं नाही. तजुमुद्दीन नावाच्या एका भागात १ लाख ६७ हजारांच्या वस्तीतली ४५ टक्क्यांहून जास्त माणसं गेली.

आता वारा. ताशी १८५ किलोमीटर. झालं समाधान? १९९९च्या ओडिशाच्या वादळात वारा ताशी २६० होता, आणि मृत्यू १० हजारांच्या आसपास. वारा इतका जास्त, बळी इतके कमी. म्हणजे नुसत्या वाऱ्यावरून काही कळत नाही.

आपण वाऱ्याचंच का विचारतो, तेही मला ठाऊक आहे. ३ जून २०२०ला श्रीवर्धनात आत्याकडच्या वाडीतल्या पोफळी अर्ध्यातून पिळवटून मोडल्या, पत्रे कुणाचे कुणाच्या अंगणात. आपल्या डोळ्यांसमोर वादळ म्हणजे तेच. भोलाला माणसं मारली ती पाण्याने.

आणि पाणी म्हणजे लाट नव्हे हो! "त्सुनामीसारखी लाट आली का?" असं विचारणारे किमान डझनभर आहेत खाली. लाट येते, फुटते, मागे जाते. इथे समुद्राची पातळीच चढते आणि चढलेलीच राहते, तासन्‌तास. वरून लाटा असतात त्या वेगळ्या.

पातळी चढते कशी? पुस्तकात लिहितात, वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी, म्हणून पाणी वर ओढलं जातं. बरोबर आहे, पण हिशेब करा. दाब १ मिलिबार उतरला तर पाणी चढतं साधारण १ सेंटीमीटर. दाब ५० मिलिबारने पडला, तरी अर्धा मीटरच. भोलाला काही ठिकाणी पाणी १० मीटरपर्यंत चढल्याचं सांगतात. बाकीचं आलं कुठून?

परातीत बोटभर पाणी घ्या आणि तळहाताने एका कडेला रेटा. वारा समुद्राला असाच रेटतो. खोल समुद्रात रेटलेलं पाणी खालून परत फिरतं. बंगालच्या उपसागराचं उत्तरेचं टोक उथळ, नद्यांच्या गाळाने भरलेलं. खालून परतायला वाव नाही. त्यात किनारा नरसाळ्यासारखा निमुळता, म्हणजे बाजूला पसरायलाही जागा नाही. राहिली एकच दिशा, वर.

आणि तिथी बघा. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. कोकणातल्या माणसाला उधाणाची भरती वेगळी समजवायला नको. वादळाने रेटलेलं पाणी बरोबर भरतीवर येऊन बसलं. तेच वादळ सहा तास पुढेमागे झालं असतं, तर वारा तेवढाच, पण पाणी कितीतरी खाली.

अजून पटत नसेल, तर वाचलेल्यांची अंगं बघा. नंतर पाहणी करणाऱ्या डॉक्टरांना माणसामागून माणसाच्या छातीवर, दंडांच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला सारखीच सोलवटलेली कातडी दिसली. झाडाला मिठी मारून पाण्यात रात्र काढलेली माणसं ती. या जखमांना त्यांनी नावच दिलं, 'सायक्लोन सिंड्रोम'. ज्यांच्या हातांत धरून ठेवण्याचं बळ होतं ते वाचले. वस्तीत १० वर्षांखालची मुलं होती एक तृतीयांश, मृतांत निम्म्याहून जास्त.

एक कमेंट मात्र मला झोंबली: "लोकच मूर्ख, इशारा ऐकत नाहीत." अहो, ९० टक्क्यांहून जास्त लोकांना वादळ येतंय हे माहीत होतं. पक्क्या इमारतीत गेले जेमतेम १ टक्का. कारण सपाट बेट, घरं मातीची नि गवताची. जाणार कुठे? आपल्याकडे बंदरावर बावटा लागला की होड्या खाडीत आत घेतात, आणि पाठीमागे डोंगर असतो. तिथे पाठीमागे परत नदीच.

दुसरे एक काका १८८२च्या मुंबईच्या वादळाची आठवण करून देतात, लाखभर बळींचं. काका, त्या काळच्या नोंदींत असं वादळच सापडत नाही. पुढे पाठवू नका.

राजकारणाचं थोडक्यात: मदत उशिरा आणि तोकडी पोचली, बंगाली माणूस खवळला. ७ डिसेंबरला निवडणूक झाली. वादळग्रस्त भागातलं मतदान जानेवारीत झालं, आणि बंगाल्यांच्या अवामी लीग पक्षाने पूर्वेकडच्या १६२पैकी १६० जागा घेतल्या. पुढचं १९७१ तुम्हाला माहीत आहे.

नंतर तिथे काय बदललं, तर स्वयंसेवक उभे केले, भोंगा आणि झेंडे घेऊन गावोगाव फिरणारे. खांबांवर निवारे बांधले. आणि मातीचे उंच ढिगारे रचले, 'मुजिब किल्ला' म्हणतात त्यांना. त्यावर गुरंही चढवता येतात. गुरं मागे सोडून शेतकरी घराबाहेर पडत नाही, हे ज्याला कळलं त्याने ते आखले असणार. तरी १९९१ला १ लाख ३८ हजार गेले. २००७च्या सिद्र वादळात मात्र सरकारी आकड्याने साडेतीन हजारांच्या आत. वारा, विचारणारच असाल म्हणून सांगतो, सिद्रचा भोलापेक्षा जास्त होता.