साडेपाच तासांत न्यूयॉर्क? काकूंच्या तिकिटाचं गणित

नमस्कार मंडळी! आमच्या शेजारच्या काकू पहिल्यांदाच लेकाकडं अमेरिकेला निघाल्यात. परवा तिकीट घेऊन आल्या. "हे बघ रे, मुंबईतनं रात्री दीडला सुटतंय, न्यूयॉर्कला सकाळी सातला. साडेपाच तास! एवढ्या वेळात आपली एसटी कोल्हापुरातनं पुण्याला पोचते."

म्हटलं, काकू, भडंगाचा अजून एक डबा घ्या. सोळा तास बसायचंय!

आधी अंतर बघू. (फुटबॉल कॅमेऱ्यापुढं) कोल्हापुरात घरटी एक फुटबॉल सापडतोच. ही काकूंचीच टिकली, इथं मुंबई. ही दुसरी, न्यूयॉर्क. भिंतीवरच्या नकाशात बघितलं तर वाटतं, समुद्र ओलांडायचा, आफ्रिका ओलांडायची, सरळ पश्चिमेला जायचं. आता दोन टिकल्यांमध्ये दोरा धरतो आणि ताणतो. बघा, दोरा आपोआप वर सरकला! नॉर्वेवरनं, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळनं न्यूयॉर्कला. गोल पृथ्वीवर हीच सगळ्यात जवळची वाट, साधारण 12,500 किलोमीटर. इंटरनेटवर अंतर शोधलं की दिसतो तो आकडा या दोऱ्याचा.

पण विमान दोऱ्यावरनं चालत नाही. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरनं वळसा पडला. वळसा म्हणजे जास्त इंधन, जास्त वेळ.

वेग धरा ताशी 900. भागाकार केला तर चौदा तास येतात. मग सोळा कसे? वळसा आहेच, शिवाय वारं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जेट स्ट्रीम वाहतो, ताशी दीड-दोनशे किलोमीटर सहज, हिवाळ्यात जोर जास्त. पंचगंगेच्या पुरात उलटं पोहून बघितलंय कुणी? बघू नका. जाताना वारं तोंडावर, येताना पाठीवर, म्हणून परतीला साधारण चौदाच तास. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाणंसुद्धा धरलेलं असतं.

आता काकूंचे साडेपाच तास. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागं, उन्हाळ्यात साडेनऊ. दीड अधिक सोळा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, त्यातनं हिवाळ्याचे साडेदहा वजा, सकाळचे सात. जमलं!

एक गंमत दाखवतो. परतीचं विमान तिथनं सकाळी अकराला, मुंबईत दुसऱ्या दिवशी साडेअकराला. घड्याळ म्हणतं साडेचोवीस तास! यात जातानाचे साडेपाच मिळवा. तीस. आणि खरे तास, सोळा अधिक चौदा? तीसच! जाताना लपलेले तास येताना वसूल होतात. नाद खुळा हिशोब आहे की नाही?

आणि काकू गाडीनं मुंबईला जाणार. पावणेचारशे किलोमीटरला आठ तास, पुढच्या साडेबारा हजारांना सोळा! तीन तास आधी विमानतळावर पोचायचं तर घर दुपारी अडीचच्या आत सोडायला हवं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बीपीची गोळी कुठल्या घड्याळानं घ्यायची?"

काकू, ते डॉक्टरांना विचारा.