झांबियाचे तांबे आणि बीजकावरची किंमत

श्रोतेहो, आज मी मुख्यतः एका बीजकाविषयी, म्हणजे विकलेल्या मालाच्या बिलाविषयी, बोलणार आहे, कारण गरीब देशांचा कर बहुतेक वेळा तिथेच गळतो.

झांबियातील किटवे आणि मुफुलिरा येथील तांब्याच्या खाणी सरकारने २००० साली मोपानी कंपनीला विकल्या. तेव्हा तांब्याचा भाव कोसळलेला होता आणि देश कर्जात बुडालेला होता, त्यामुळे खनिजावरचे स्वामित्वधन, म्हणजे खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायची रॉयल्टी, अवघे ०.६ टक्के ठरले. पुढे २००६ पर्यंत तांब्याचा भाव तिपटीहून अधिक वाढला. मोपानीचे बहुसंख्य समभाग ग्लेनकोर या खनिजांचा व्यापार करणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपनीकडे होते, आणि खाणीतले तांबे मोठ्या प्रमाणावर विकत घेणारी कंपनीही ग्लेनकोरचीच, स्वित्झर्लंडमधली. विकणारा आणि घेणारा एकाच घरचे असले की भाव घरातच ठरतो. तो कमी लावला की नफा झांबियात दिसेनासा होतो आणि जिथे कर हलका तिथे उमटतो. तांबे मात्र त्याच खाणीतून, त्याच कामगारांच्या हातून निघालेले असते.

झांबियाच्या महसूल खात्याने २००६ ते २००९ या काळातील व्यवहार तपासले, तेव्हा परक्या ग्राहकांना लावलेल्या भावापेक्षा घरच्या कंपनीला लावलेला भाव कमी असल्याचे त्याला आढळले. कंपनीने ते मान्य केले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०२० मध्ये कंपनीचे अपील फेटाळले गेले. वसुलीची रक्कम होती २४ कोटी क्वाचा (झांबियाचे चलन), म्हणजे सुमारे १.३ कोटी डॉलर.

निकालाची ही तारीख मला फार अस्वस्थ करते. ज्या २००६ सालची बीजके वादात होती, त्याच वर्षी एप्रिलमध्ये झांबियाने ग्रामीण दवाखान्यांतील उपचारशुल्क रद्द केले होते. जे लोक फी परवडत नाही म्हणून घरीच दुखणे काढत, ते दवाखान्यात येऊ लागले, आणि वाढत्या रुग्णांना औषधे व परिचारिका पुरवण्यासाठी सरकारी तिजोरीला पैशाची निकड भासू लागली. ज्या स्त्रीचे बाळंतपण त्या वर्षी होते, तिच्या दृष्टीने चौदा वर्षांनी मिळालेला कर हा मिळालेला कर नव्हेच. दरम्यान मूल्यवर्धित कर तिच्या रोजच्या खरेदीवर आकारला जातच होता, कारण तो भरणाऱ्याला स्वित्झर्लंडमध्ये दुसरे घर नसते.

हे प्रकरण निदान न्यायालयात पोहोचले. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ साली असा अंदाज मांडला की आफ्रिकेतून दरवर्षी ५० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम अवैध मार्गांनी बाहेर जाते, आणि त्यात व्यापारी कंपन्यांच्या अशा व्यवहारांचा वाटा सर्वांत मोठा आहे. परदेशातल्या कंपनीची वही मागण्याचा अधिकार झांबियाची राजधानी लुसाकातल्या करअधिकाऱ्याला स्वतःहून मिळत नाही. तो आंतरराष्ट्रीय करारातूनच मिळतो, आणि असे नियम आजवर मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेत ठरत आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आफ्रिकी देशांनी हा विषय संयुक्त राष्ट्रांकडे नेण्याचा ठराव मांडला, तेव्हा भारतासह १२५ देशांनी बाजूने मत दिले आणि ४८ देशांनी विरोधात.