बिअरच्या पिंपातली पत्रं

नमस्कार, श्रोतेहो. 'च'ची भाषा आठवते? 'मला लाडू दे'चं 'चलाम चडूला चदे'. आपल्याला वाटायचं आईला काही कळत नाही, आणि ती गुपचूप डबा वरच्या फळीवर सरकवायची.

स्कॉटलंडच्या मेरी राणीचं नेमकं हेच झालं. साल १५८६. मेरी इंग्लंडमध्ये, चार्टलीला नजरकैदेत. बाहेर अँथनी बॅबिंग्टन नावाचा तरुण इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या खुनाचा कट शिजवतोय. दोघांची पत्रं जायची कशी? बिअरच्या पिंपाच्या बुचात लपवून! शिवाय सांकेतिक लिपीत. प्रत्येक अक्षराला एक खूण, काही शब्दांना वेगळी, आणि मध्येच चकवा द्यायला निरर्थक खुणा. मेरी अगदी निर्धास्त.

पण पत्रं पोचवणारा गिफर्ड हा एलिझाबेथच्या हेरप्रमुखाचा, वॉल्सिंगमचाच माणूस! प्रत्येक पत्र आधी वॉल्सिंगमच्या लिपीतज्ज्ञाच्या, थॉमस फेलिप्सच्या मेजावर. तो खुणा मोजत बसे. इंग्रजीत 'ई' सर्वांत जास्त येतो. मग जी खूण सारखी सारखी दिसते, ती बहुधा 'ई'. मोजणं कंटाळवाणंच. पण हल्ली कंटाळा यायच्या आत आपण फोन उचलतो, म्हणून आपल्याला काही सापडत नाही, असं माझं मत. असो. मेरीचं कटाला दुजोरा देणारं पत्र उलगडलं, तेव्हा फेलिप्सने त्यावर फाशीचा खांब रेखाटला. वर तिच्याच लिपीत खोटा ताजा कलम जोडला: खून करणार असलेल्या त्या सहा जणांची नावं कळवा! ८ फेब्रुवारी १५८७ला मेरीचा शिरच्छेद झाला. लिपीचा भरवसा नसता, तर बाई इतकं मोकळेपणाने लिहिती ना.

तेव्हा लिपी अवघड दिसली म्हणजे सुरक्षित नव्हे. १८८३मध्ये ऑगस्ट कर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने सांगितलं, पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली, म्हणजे कुठली खूण कुठल्या अक्षराची हे, तेवढी गुप्त हवी. कुलूप आतून कसं असतं ते किल्ल्या बनवणाऱ्याला ठाऊकच असतं, तरी आपण दार लावून गावाला जातोच ना? पुन्हा सांगते: पद्धत उघडी, किल्ली गुप्त.

आता ही किल्ली दुसऱ्यापर्यंत पोचवायची कुणी? गिफर्डने? त्यावर १९७६मध्ये डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी तोड मांडली. टपालपेटीसारखी. पत्र कुणीही टाकावं, पेटी उघडायची किल्ली एकाकडेच. तुमच्या फोनवरचा बँकेचा व्यवहार याच जातीच्या गणितावर चालतो.

आमच्या शेजारच्या काकांनी एटीएमचा पिन कार्डाच्याच पाठीवर लिहून ठेवलाय. मी ओरडले, तर म्हणतात, "अगं, उलटा लिहिलाय ना!"