सातारा ते कराड, जेवणानंतर

श्रोतेहो, नमस्कार. जेवणं नुकतीच आटोपली असतील तर हे भाषण बसून ऐकू नका. आवाज थोडा मोठा करा आणि घरातल्या घरात चालत ऐका. जेवणानंतरची दहा मिनिटं, एवढाच आजचा विषय आहे.

शतपावली म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ती करतं कोण, हा प्रश्न आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर एक प्रयोग केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवडे या मंडळींनी दिवसातून एकदाच, सवडीनं, अर्धा तास चालायचं. दुसरे दोन आठवडे तोच अर्धा तास तिन्ही जेवणांवर वाटायचा, प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं. चालणं तेवढंच, फक्त वेळ बदललेली. जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी आली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर २२ टक्क्यांनी. पुन्हा सांगतो, रात्रीच्या जेवणानंतर फरक सगळ्यात मोठा होता. आपणही रात्री जेवतो आणि तसेच टीव्हीसमोर बसतो. काही घरांत तर पान दहाला घेतात. मुलांना साडेदहाला भात वाढून अकराला झोपवायचं, ही रीत आपण कुठून उचलली कुणास ठाऊक! मला ती मुळीच पटत नाही.

असं का होतं, तेही थोडक्यात सांगतो. जेवण झालं की रक्तात साखर चढू लागते. त्याच वेळी पाय चालत असले तर मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ती साखर ओढून घेतात, आणि कामाला लागलेला स्नायू त्यासाठी इन्शुलिनची फारशी वाट बघत नाही. म्हणून मधुमेहात इन्शुलिन कमी पडत असलं तरी चालण्याचा गुण येतो.

आता आमच्या आण्णांची गोष्ट. आण्णा म्हणजे माझे वडील. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीचशी सातारा-कराड गाडीवर. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, आणि दांडीवर पंच वाजवत पुढून मागे, मागून पुढे. बसायला जागा असली तरी बसायचे नाहीत. पॅसेंजर उभा असताना कंडक्टरनं बसू नये, हा त्यांचा नियम.

लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. ती १९५३ साली छापून आली. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, स्टेअरिंगमागे बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. हे मी वाचलं तेव्हा मला आण्णाच दिसले.

पण ते कंडक्टर होते तोवर. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि बसले. ओसरीवर खुर्ची, हातात पेपर, जेवलं की खाटेवर. तीन वर्षांत साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणानंतर चालायला सांगितलं. आण्णांनी ऐकून घेतलं आणि चालले नाहीत. म्हणाले, "जायचं कुठं? नुसतं फिरायला माणूस कसा निघंल?"

उपाय आईनं काढला. एका रात्री जेवणं झाली, तिनं पितळी तांब्या उचलला, त्यावर चमच्यानं दोनदा टणटण वाजवलं आणि म्हणाली, "अहो, डबल बेल झाली. गाडी काढा."

आण्णा हसले आणि उठले. आमचं अंगण तुळशीपासून फाटकापर्यंत चोवीस पावलं आहे. सात खेपा झाल्या की एक थांबा, असं त्यांनी ठरवलं. साताऱ्याहून निघायचं. सात खेपांना शेंद्रे, पुढच्या सातांना नागठाणे, मग अतीत, काशीळ, उंब्रज आणि कराड. प्रत्येक थांब्याला मोठ्यानं नाव घ्यायचं, पूर्वी घ्यायचे तसंच, शेवट लांबवून. "उंब्रऽऽज!" कराडला पोचेपर्यंत हजारेक पावलं आणि दहा मिनिटं होतात. शेजारची पोरं कुंपणावरून विचारायची, "आण्णा, कुठवर आली गाडी?" पावसाळ्यात ही गाडी माजघर ते ओसरी अशी धावते. आई भांडी विसळता विसळता कान देते. काशीळ ऐकू आलं की दूध तापायला ठेवते.

चार महिन्यांनी रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांची साखर बघितली. २३० च्या घरात असायची, ती १७०-१८० वर आली होती. गोळ्या चालू होत्या, भातही कमी केला होता, तेव्हा सगळं श्रेय चालण्याला देणार नाही. पण आण्णांनी तो कागद पिशवीत जपून ठेवला आहे.

शहरातल्या श्रोत्यांची अडचण मला कळते. फूटपाथवर दुचाक्या लावलेल्या, खाली उतरलं तर पार्किंग. नव्या इमारतींना लांब गॅलरी ठेवणं आपण बंद केलं, ही फार मोठी चूक झाली असं मला वाटतं. तरी स्वयंपाकघर ते बाहेरची खोली एवढी वाट प्रत्येक घरात आहे. आणि मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावलं झाली नाहीत म्हणून खट्टू होऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. २०२५ साली लॅन्सेट या वैद्यकीय प्रकाशनाच्या एका नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेला निष्कर्ष असा, की दिवसाला दोन हजार पावलं चालणाऱ्यांपेक्षा सात हजार चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसतो.

पुन्हा एकदा सांगतो, जेवण झालं की दहा मिनिटं, सावकाश, गप्पा मारता येतील अशा चालीनं. इन्शुलिन घेणाऱ्यांनी, रक्तातली साखर एकदम उतरली तर म्हणून, खिशात साखरेची पुडी ठेवावी. जेवून चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि पायांत काहीतरी घाला. आण्णा अनवाणी चालायचे. एका रात्री तळव्यात बाभळीचा काटा मोडला आणि त्यांना कळलंच नाही. मधुमेहात पायाची जाणीव कमी होऊ शकते. सकाळी आईला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा उलगडा झाला. जखम भरायला पाच आठवडे लागले. आता आई तांब्या वाजवायच्या आधी मऊ तळव्याच्या चपला पायरीवर आणून ठेवते, आणि झोपण्यापूर्वी बॅटरी घेऊन दोन्ही तळवे बघते. तुमच्या घरात ज्यांना साखर आहे, त्यांचे तळवे आज रात्री बघा. नमस्कार.