वसुलीत मिळालेली भट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

उसने दिलेले पैसे परत येईनात आणि शेवटी कर्जदाराचं दुकानच गळ्यात पडलं, असे किस्से आपल्याकडे गावोगाव ऐकायला मिळतात. त्यांचा शेवट बहुधा दोन्ही घरं बुडण्यात होतो. आज मी सांगणार आहे ती फ्रान्समधली हकीकत तशीच सुरू होते, पण बुडत मात्र नाही. ही दोम घराण्याची गोष्ट. काचेच्या शौकिनांना हे नाव ठाऊक असेल. त्याचं स्पेलिंग वाचून आपण 'डाउम' म्हणतो, फ्रेंच माणूस म्हणतो 'दोम'.

ज्यां दोम हे लोरेन प्रांतातल्या बिच या गावी नोटरी होते. खरेदीखतं, वारसाहक्काचे कागद हा त्यांचा व्यवसाय. काचेशी संबंध एवढाच की घराला खिडक्या होत्या! १८७०-७१च्या युद्धात फ्रान्स हरला, आल्सास आणि लोरेनचा मोठा तुकडा जर्मनीकडे गेला. बिच गावही गेलं. तिथल्या लोकांना एक मुभा होती : फ्रेंच राहायचं असेल तर राहा, पण मग घरदार सोडा. ज्यां दोम यांनी घरदार सोडलं, चालता व्यवसाय विकला आणि सीमेच्या अलीकडे फ्रान्समध्येच राहिलेल्या नान्सी शहरात बिऱ्हाड थाटलं.

हातात पैसा होता. तो तिथल्या एका काच कारखान्याला कर्जाऊ दिला. कर्ज काही फिटेना. अखेर १८७८मध्ये कारखानाच ताब्यात घ्यावा लागला. माल कसला, तर खिडक्यांची तावदानं, घड्याळांवरच्या काचा, खाणावळीत लागणारे पेले. वयाची पन्नाशी उलटल्यावर या माणसाच्या पदरात धगधगती भट्टी पडली.

थोरला मुलगा ओग्युस्त कायदा शिकलेला. त्यानं हिशेबाच्या वह्या हातात घेतल्या. १८८५ साली वडील गेले. दोन वर्षांनी धाकटा आंतोनँ पॅरिसहून इंजिनियर होऊन परतला. त्याच नान्सीत एमिल गाले नावाचा प्रतिभावंत काच घडवत होता, आणि १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात, म्हणजे आयफेल टॉवर उभा राहिला त्याच प्रदर्शनात, त्याच्या कामाची वाहवा झाली. दोम बंधूंनी ते पाहिलं आणि १८९१च्या सुमारास आपल्याकडेही कलाकाचेचा विभाग काढला. त्यांनी गालेची री ओढली असं काही जाणकार म्हणतात. ओढली, यात शंका नाही. पण री ओढायलाही गळा लागतो.

ही काच घडते कशी, ते ऐका. लांब फुंकणीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा. पोळीचा उंडा पिठात घोळवावा तसा तो रंगीत काचेच्या भुकटीत घोळवायचा. पुन्हा भट्टीत, पुन्हा दुसरा रंग, वर आणखी एक थर. मग फुंकून आकार द्यायचा आणि सावकाश निववायचं. त्यानंतर नक्षीचा जो भाग राखायचा त्यावर डांबरासारखा लेप लावून भांडं आम्लात बुडवायचं. हे आम्ल काच खातं. लेपाखालचं तेवढं उरतं, बाकीचं झिजतं आणि आतला रंग वर येतो. शेवटी फिरत्या चाकावर बारीक कोरीव काम. एवढ्या खटाटोपातून फुलदाणीवर काय उमटतं? वाऱ्यानं वाकलेली झाडं आणि त्यांवर तिरप्या रेघांनी कोसळणारा पाऊस! माझं मत विचाराल तर त्या पावसाच्या फुलदाण्यांपुढे दोमांची सगळी फुलं फिकी आहेत.

कारखान्यात शिकाऊ पोरांना चित्रकलेचे धडे मिळत. आंरी बेर्जे हा चित्रकार त्यांच्याकडून खऱ्या फुलापानांवरून रेखाटनं करून घेई. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात दोमांना सर्वोच्च पारितोषिक मिळालं, गालेलाही मिळालं. पुढच्याच वर्षी नान्सीच्या कलावंतांनी संघ स्थापला. अध्यक्ष गाले, आणि उपाध्यक्षांमध्ये आंतोनँ. १९०४ला गाले वारला. त्याचा कारखाना पुढे चालला खरा, पण १९३०च्या दशकात बंद पडला. दोमांची भट्टी मात्र पेटती राहिली. प्रतिभा गालेकडे कणभर जास्तच असेल, पण दोमांच्या घरात वहीखातं सांभाळणारं कुणी ना कुणी प्रत्येक पिढीत निघालं.

त्या पिढ्यांनी भोगलंही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जाड, भौमितिक घाटाची काच करणारा ओग्युस्तचा मुलगा पोल नाझींच्या छळछावणीत मेला. युद्धानंतर घराण्यानं पारदर्शक क्रिस्टल काचेचा रस्ता धरला, आणि १९६८च्या सुमारास स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीला हाताशी धरून साच्यात काचेचे कण वितळवायची जुनी रीत पुन्हा सुरू केली. आज कंपनी घराण्याच्या हाती उरलेली नाही, नाव तेवढं चालू आहे.

कधी एखाद्या संग्रहालयात जुनी दोम फुलदाणी दिसली तर सही पाहा. 'दोम नान्सी' या अक्षरांजवळ दोन आडव्या दांड्यांचा एक क्रूस असतो. तो लोरेनचा क्रूस, न तुटलेल्या लोरेनचा. बिच गाव पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा फ्रान्समध्ये आलं. तेव्हा ज्यां दोम नव्हते, ओग्युस्तही १९०९ला गेला होता. ते पाहायला एकटा आंतोनँ होता. त्याचा जन्म बिचचाच.