लादीखाली काय?

[दृश्य: रिकामी खोली, उघडा कोबा, त्यावरून चालणारी अनवाणी पावलं]

सामान बाहेर गेलंय. जुनी फरशी उखडली, खाली नुसता कोबा उरला. उद्या लादी बसायला सुरुवात होईल. त्याआधी एक गोष्ट ठरवायची आहे: लादीखाली इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, घालायचं की नाही?

हा प्रश्न बहुधा पायांनी विचारलेला असतो. थंडीत लादीवर पाऊल पडलं की शहारा येतो, बाजूच्या लाकडी फळीवर येत नाही. तापमापक लावा, दोन्हींचं तापमान सारखंच निघेल. मात्र लादी लाकडापेक्षा कितीतरी पट वेगाने पायातली ऊब ओढून घेते, म्हणून ती गार लागते.

[दृश्य: लादीचा कापलेला तुकडा, खाली राखाडी फोम बोर्ड]

गफलत इथेच होते. इन्सुलेशन लादीच्या खाली, पाय लादीच्या वर. पहिला स्पर्श लादीचाच. तेवढ्यासाठीच खटाटोप करायचा असेल, तर खरं सांगायचं तर सतरंजी पुरेशी आहे.

मग इन्सुलेशन अडवतं काय? खोलीतून खाली निसटणारी उष्णता. म्हणून आधी पाहायचं की खाली आहे काय. खालच्या मजल्यावर ऊबदार खोली असेल, तर फायदा नगण्य. खाली माती असेल किंवा उघडी पार्किंगची जागा, तर गोष्ट वेगळी. मातीवरच्या फरशीत बाहेरच्या भिंतींलगतच्या कडांमधून जास्त उष्णता जाते.

आणि लादीखाली तापणाऱ्या तारा टाकणार असाल, तर माझ्या मते वादच नको. तारेची उष्णता वर जाते तशी खालीही जाते. खालचा काँक्रीटचा जाड थर ती पीत राहतो; बटण दाबून आंघोळ उरकते, तरी लादी गारच. १० मिलिमीटर एक्सपीएस फोम (अशा बोर्डांत वापरतात तो कडक फोम) उष्णतेला जेवढा अडवतो, तेवढं अडवायला सुमारे ४० सेंटिमीटर काँक्रीट लागेल.

[दृश्य: कोब्यावर चिकटपट्टीने चारही कडांनी चिकटवलेला प्लॅस्टिकचा तुकडा]

त्याआधी ओल तपासायची. प्लॅस्टिक असं चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळवंडला, तर काम थांबवा. फोम ओलीवरचा इलाज नाही.

फोमही कुठलाही चालत नाही. खोक्यात येतो तो मऊ थर्माकोल वजनाखाली दबतो. आधी लाद्यांच्या सांध्यात भरलेला मसाला, म्हणजे ग्राउट, तडकतो, मग लादी. लागतो तो लादीकामासाठीच बनवलेला कडक बोर्ड. तोही नुसता अंथरायचा नाही; खाली अॅडहेसिव्ह (लादी चिकटवायचा मसाला) सगळीकडे पसरून, पोकळी न ठेवता दाबून बसवायचा.

[दृश्य: दाराखाली सरकणारी मोजपट्टी]

राहिली उंची. या खोलीखाली माती आहे, ताराही टाकायच्या आहेत, म्हणजे बोर्ड हवाच. बोर्डाखालचं अॅडहेसिव्ह ३ मिलिमीटर, बोर्ड १०, तारांसह वरचं अॅडहेसिव्ह ६, लादी ९. एकूण २८. दाराखालची फट २५.

[दृश्य: बिजागऱ्यांवरून उतरवलेलं दार, खालच्या कडेवर फिरणारा रंधा]